कॅराव्हॅनमधला पाण्याचा आणि मैल्याचा हिशेब: कणकुंबी ते सौंदत्ती, चार मुक्काम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ट्रॅव्हलर या छोट्या बसवर बांधून घेतलेली गाडी, त्यात स्वच्छ पाण्याची १२० लिटरची टाकी, सांडपाण्याची ७० लिटरची टाकी आणि १८ लिटरच्या कॅसेटचे, म्हणजे कमोडखाली बसणाऱ्या आणि बाहेर ओढून रिकाम्या करता येणाऱ्या मैल्याच्या डब्याचे, शौचालय. माणसे तीन, म्हणजे तुम्ही दोघे आणि शाळकरी मुलगी. मार्ग बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, मग खानापूर, हलशी, कित्तूर आणि शेवटी सौंदत्ती. मुक्काम चार असून त्यांपैकी एकाही ठिकाणी नळ, वीज आणि मैलावाहिनी अशी तिहेरी जोडणी मिळणार नाही. हे पाणी चार दिवस पुरेल का, पाणी पिण्यायोग्य कसे ठेवावे, वास का येतो आणि टाकीचा दिवा नेहमी अर्धी टाकी भरल्याचेच का दाखवतो, असे तुम्ही विचारले आहे. मैला कुठे रिकामा करायचा हा प्रश्न मात्र शेवटच्या ओळीत, जाता जाता आला आहे. उद्यमबागेत अशा गाड्यांची आतली नळजोडणी करून देण्याचा माझा व्यवसाय आहे आणि मालक पहिल्यांदा गाडी घेऊन निघतात तेव्हा जवळपास सगळे जण प्रश्न याच क्रमाने विचारतात. मला तो क्रम उलटा करावासा वाटतो, कारण तुमच्या गाडीत सर्वांत आधी भरणार आहे ती कॅसेट, तिच्यामागून सांडपाण्याची टाकी, आणि स्वच्छ पाणी संपण्याची पाळी सर्वांत शेवटी येणार आहे.

हिशेब मांडून पाहू. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी मी टाकीतून धरतच नाही. ते वीस लिटरच्या जारमध्ये वेगळे ठेवावे, आणि तिघांना दिवसाला साधारण बारा लिटर लागते असे समजावे. टाकीतून भांड्यांना सात लिटर, हात-तोंड धुणे आणि दात घासणे यांना आठ, तिघांच्या अंघोळीला प्रत्येकी आठप्रमाणे चोवीस, आणि शौचालयाला सहा, असे दिवसाचे पंचेचाळीस लिटर होतात. टाकीच्या तळाचे सात-आठ लिटर पंपाला ओढता येत नाहीत, तेव्हा हाती येतात सुमारे ११२. म्हणजे पाणी अडीच दिवस पुरते. आता यातले भांड्यांचे, हात-तोंडाचे आणि अंघोळीचे मिळून एकोणचाळीस लिटर रोज सांडपाण्याच्या टाकीत उतरतात. सत्तर लिटरची टाकी दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आतच काठोकाठ येते. कॅसेटची गोष्ट त्याहून कठीण आहे. तिघांची लघवी दिवसाला चार लिटरच्या आसपास, शौचाचा भाग अर्धा लिटर, आणि धुण्याचे व फ्लशचे सहा लिटर, असे साडेदहा लिटर रोज तीत जमा होतात. अठरा लिटरची कॅसेट पूर्ण गळ्यापर्यंत भरू द्यायची नसते, सोळावर थांबावे लागते; म्हणजे दीड दिवस. पहिल्या दिवशी सकाळी निघालात तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही कॅसेट हातात धरून उभे असणार, आणि त्या वेळी गाडीत निम्म्याहून थोडे कमी स्वच्छ पाणी शिल्लक असेल.

हा दीड दिवससुद्धा तांब्याने मोजून पाणी घेणाऱ्यांचा आहे. तुमच्या गाडीत कमोडशेजारी जेट स्प्रे बसवला आहे असे तुम्ही लिहिले आहे. तो काढून टाका, किंवा निदान त्याचा कॉक बंद करून ठेवा. घरात जेटने किती पाणी जाते याचा विचार करण्याची वेळ आपल्यावर कधी येत नाही, कारण ते थेट जमिनीखाली जाते. मिनिटाला पाच-सहा लिटर सोडणारा जेट कुणी अर्धा मिनिट दाबून धरला की अडीच-तीन लिटर गेले. तिघांचे एकेक वेळचे मिळून आठ-नऊ लिटर, म्हणजे अर्धी कॅसेट नुसत्या पाण्याने भरली. परदेशी गाड्यांची माहितीपत्रके कॅसेट दोघांना तीन दिवस पुरते असे सांगतात, ते कागद वापरणाऱ्यांचे गणित आहे. आपल्याकडे पाण्याशिवाय भागत नाही आणि भागवू नये. पण पाऊण लिटरचा एक तांब्या धुण्याला आणि तेवढाच कमोडमध्ये ओतायला, ही शिस्त घरातल्या सर्वांना निघण्यापूर्वी समजावून सांगावी. लहान मुले ती मोठ्यांपेक्षा लवकर पाळतात असा माझा अनुभव आहे. त्रास पाहुण्यांचा होतो.

मात्र पाणी वाचवण्याच्या भरात उलट टोकाला जाऊ नये. काही जण फ्लशचे पाणीच वापरत नाहीत आणि मग कॅसेटच्या तोंडाखाली घट्ट ढीग साचतो, झडप नीट मिटत नाही, आणि रबरी कड्याला मैला लागून तिथूनच वास सुटतो. रिकाम्या कॅसेटमध्ये आधीच दीड-दोन लिटर पाणी घालून सुरुवात करावी, म्हणजे पहिला मैला कोरड्या तळाला चिकटत नाही. ज्या गाड्यांत कॅसेटऐवजी खाली बसवलेली मोठी मैलाटाकी असते, त्यांना हाच नियम अधिक कडकपणे लागू होतो: टाकीचा व्हॉल्व्ह नेहमी बंद, आणि ती निदान दोन-तृतीयांश भरल्याशिवाय उघडायची नाही. व्हॉल्व्ह उघडा ठेवला तर पातळ तेवढे वाहून जाते आणि घट्ट भाग मागे राहून दगडासारखा बसतो. तो काढण्याचे काम माझ्याकडे आलेले आहे, आणि त्याचे वर्णन न केलेले बरे.

आता ती भरलेली कॅसेट रिकामी कुठे करायची. युरोप-अमेरिकेत त्यासाठी डम्प स्टेशने असतात; आपल्या भागात ती सोय रूढ नाही, त्यामुळे शोधत बसण्यात वेळ घालवू नका. आपल्याकडे तीनच योग्य जागा आहेत: सेप्टिक टाकीला किंवा मैलावाहिनीला जोडलेले शौचालय, सेप्टिक टाकीचे चेंबर, आणि तुमचे स्वतःचे घर. व्यवहारात याचा अर्थ असा, की मुक्काम ठरवताना दृश्य कसे आहे हे पाहण्याआधी मालकाकडे सेप्टिक टाकी आहे का, हे फोनवर विचारावे. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात शेतावरची घरे, होम-स्टे आणि लहान रिसॉर्ट आहेत; अंगणात गाडी लावण्याचे पैसे देताना "सकाळी एकदा शौचालयात कॅसेट रिकामी करू द्याल का, नंतर धुऊन देतो" असे सरळ विचारले तर बहुतेक लोक हो म्हणतात. न विचारता केले तर मात्र पुढच्या गाडीवाल्यालाही दार बंद होते. महामार्गावर, म्हणजे पुणे-बेंगळुरू रस्त्यावर कित्तूर ते निपाणीपर्यंत, मोठ्या हॉटेलांची आणि पेट्रोल पंपांची शौचालये आहेत. तिथेही आधी विचारावे, आणि गर्दीच्या वेळी नव्हे तर पहाटे जावे.

खेड्यातल्या घरगुती शौचालयाबद्दल एक सावधगिरी सांगतो, कारण ही गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही. स्वच्छ भारत योजनेत बांधलेली पुष्कळ शौचालये दोन शोषखड्ड्यांची आहेत, त्यांना सेप्टिक टाकी नसते. हे खड्डे एका कुटुंबाच्या रोजच्या थोड्या थोड्या पाण्यासाठी असतात. त्यात कॅसेटचे सोळा लिटर आणि वर धुण्याचे दहा लिटर सावकाश ओतले तर चालून जाते. पण मोठ्या टाकीचे साठ-सत्तर लिटर एकदम सोडले तर खड्डा वर येतो. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात जून ते सप्टेंबर जमिनीतले पाणी इतके वर असते की खड्ड्याला पाणी जिरवायला जागाच उरत नाही, आणि जांभ्या दगडाच्या भेगांतून ते शेजारच्या विहिरीपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात त्या भागात शोषखड्ड्याच्या शौचालयात काहीही ओतू नये, घरमालकाने आग्रह केला तरीही.

आणि ओढा, नदी, गटार, उसाचा फड, रस्त्याकडेची झाडी यांचा विचारही करू नये. जलप्रदूषण प्रतिबंधाचा १९७४ चा कायदा आहे, भीमगड अभयारण्याच्या हद्दीत १९७२ च्या वन्यजीव कायद्याची वेगळी बंधने आहेत आणि तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्कामही करता येत नाही. पण मी कायद्यापेक्षा नकाशा पाहायला सांगतो. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. तिथल्या ओढ्यात जे सोडाल ते खानापूरच्या लोकांच्या नळाच्या दिशेने निघते, आणि पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थच्या धरणात जाते, जिथून हुबळी-धारवाडला पिण्याचे पाणी जाते. चोर्ल्याच्या बाजूला उतार पश्चिमेकडे, तिथले पाणी म्हादईतून गोव्याकडे जाते. म्हणजे या डोंगराच्या कोणत्याही अंगाला सोडलेला मैला कुणाच्या तरी घागरीत जातो.

कॅसेट रिकामी करण्याचे काम स्वतः करावे, हेही इथेच सांगून टाकतो. पन्नास-शंभर रुपये देऊन लॉजच्या सफाई कामगाराला ती सोपवण्याची पद्धत मी पाहिली आहे. माणसाकडून मैला हाताळून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी ज्याचा मैला त्याने उचलावा यात चर्चा करण्यासारखे काही नाही. काम पाच मिनिटांचे आहे. हातमोजे घालावेत, कॅसेटची झडप पक्की बंद आहे हे पाहून ती बाहेर ओढावी, उभी धरून न्यावी. ओतण्याची नळी कमोडच्या मध्यभागी, पाण्याच्या अगदी जवळ आणावी आणि मगच हवेचे बटण अंगठ्याने दाबून धरावे. ते बटण दाबले नाही तर आत हवा शिरत नाही, पाणी गचके देत बाहेर पडते आणि शिंतोडे उडतात. निम्मी रिकामी झाली की थांबून एकदा फ्लश करावा, मग उरलेली ओतावी. नंतर दोन-तीन लिटर पाणी घालून, झाकण लावून, कॅसेट आडवी-उभी हलवून पुन्हा ओतावे, हे दोनदा. शेवटी कमोडची कड आणि खालची फरशी स्वतः धुऊन, पुसून निघावे. मालक परत कधी "नाही" म्हणत नाही तो या शेवटच्या भागामुळे.

कॅसेटमध्ये घालायच्या औषधाबद्दल लोकांचा गोंधळ असतो. निळ्या रंगाची काही द्रावणे फॉर्माल्डिहाइडवर चालतात. ती वास दाबतात, पण ज्या जिवाणूंमुळे सेप्टिक टाकी काम करते त्यांनाच मारतात. दुसऱ्याच्या सेप्टिक टाकीवर तुम्ही विसंबून असाल तर ही द्रावणे वापरू नयेत. गावाकडे शौचालय गोबर गॅसला जोडलेले असेल तर अजिबातच नाही, नाहीतर यजमानाची शेगडी आठवडाभर मंद होते. जिवाणू किंवा एन्झाइमवर आधारलेली द्रावणे मिळतात, ती घ्यावीत. त्यांना एप्रिल-मेच्या उन्हात वास थोडा अधिक येतो हे मान्य करावे लागते. फिनेल आणि ब्लीच कॅसेटमध्ये घालू नये. कमोडचे डाग काढण्यासाठी घरात वापरतो ते आम्लाचे द्रावण रबरी कड्याला खाते, आणि तेच ब्लीचमध्ये मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो; ट्रॅव्हलरच्या आतल्या चार-बाय-तीनच्या शौचालयात तो प्रकार जिवावर बेतू शकतो. क्षाराचा थर आला असेल तर सायट्रिक ॲसिड, ज्याला किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणतात, ते कोमट पाण्यात घालून ठेवावे, आणि स्वच्छ धुतल्यानंतर रबरी कड्याला सिलिकॉनचे वंगण बोटाने लावावे. व्हॅसलीनने ती रबरे फुगतात.

सांडपाण्याला लोक मैल्यापेक्षा सौम्य समजतात. वासाच्या बाबतीत ते खरे नाही. तुम्हाला येणारा वास बहुधा कॅसेटचा नसून सिंकच्या जाळीतून येणारा सांडपाण्याचा आहे. आपल्या स्वयंपाकात तेल आणि मसाला भरपूर असतो. मटणाच्या रश्शाची तर्री गरम पाण्याबरोबर टाकीत उतरते, थंड झाली की भिंतींना चिकटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हात सडते. यावर औषध शोधण्यापेक्षा ताटे धुण्याआधी पुसून घ्यावीत, रद्दी कागदाने किंवा भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने; आपल्या आज्या हे करतच होत्या. सिंकला बारीक जाळी असावी आणि तीतला खरकटा भाग कचऱ्याच्या पिशवीत जावा. सिंकखालच्या वाकड्या नळीत थोडे पाणी राहते, तेच टाकीतली हवा वर येण्यापासून रोखते. घाटाच्या वळणांत ते हिंदकळून निघून जाते किंवा उन्हात वाळते, आणि मग सगळी गाडी दरवळते. गाडी चालू असताना सिंकला आणि न्हाणीच्या मोरीला रबरी बूच लावावे आणि मुक्कामाला पोहोचल्यावर प्रत्येकीत एक मग पाणी ओतावे. तरीही वास राहिला तर टाकीची हवेची नळी तुंबलेली आहे का, हे पाहावे. कुंभारमाशी त्यात घर करते.

सांडपाणी कुठे सोडावे याचे उत्तर मैल्यापेक्षा सोपे आहे. शेतघराच्या मालकाच्या परवानगीने ते परसातल्या केळीला, अळूला किंवा नारळाच्या आळ्यात द्यावे, जसे गावातल्या प्रत्येक मोरीचे पाणी पूर्वापार जात आले आहे. मात्र ते पालेभाजीवर नको, विहिरीपासून आणि ओढ्यापासून निदान साठ मीटर दूर असावे, आणि एका जागी सत्तर लिटरचे डबके करण्याऐवजी बादलीने चार-पाच आळ्यांत वाटून द्यावे. साबण कमी आणि साधा वापरावा. चढउताराच्या रस्त्याला लागण्याआधी ही टाकी रिकामी केलेली बरी, कारण अर्धी भरलेली टाकी वळणावर हेलकावते आणि बांधणाऱ्याने आत आडव्या पट्ट्या घातल्या नसतील तर गाडीला झोल देते. पूर्ण भरलेल्या स्वच्छ टाकीचे वजन १२० किलो, म्हणजे दोन मोठी माणसे मागे बसवल्याइतके असते, हे टायरच्या हवेच्या हिशेबातही धरावे.

आता पाण्याकडे वळू. चार दिवसांत एकदा टाकी भरावीच लागेल, आणि माझ्या मते ती खानापुरात भरावी: कणकुंबीचे दोन मुक्काम भरलेल्या टाकीवर काढता येतात आणि पूर्वेकडे जाण्याआधी पाणी चांगले मिळते. सौंदत्ती, रामदुर्ग, अथणी या बाजूला बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. साबणाला फेस येत नाही, गिझरमध्ये आणि पंपाच्या झडपांवर पांढरा थर बसतो. अंघोळीला ते चालते, टाकीत साठवायला मी घेत नाही. खेड्यात नळाला पाणी ठराविक वेळेलाच येते, काही गावांत एक दिवसाआड किंवा त्याहूनही उशिराने. त्या वेळी घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांच्या आधी आपला पाइप लावणे शोभत नाही आणि परवडतही नाही. गावात पाणी सोडणारा वॉटरमन असतो, त्याला किंवा पंचायतीला विचारून, सर्वांचे भरून झाल्यावर भरावे. अर्ध्या इंची पाइपाला मिनिटाला दहा लिटर मिळाले तरी टाकी बारा मिनिटांत भरते. उंच टाकीवरून येणाऱ्या पाण्याला दाब कमी असेल तर अर्धा तास धरावा.

पिण्यासाठी कर्नाटकातल्या अनेक गावांत 'शुद्ध कुडियुव नीरिन घटक' अशी कन्नड पाटी असलेली खोली दिसेल. तिथे नाणे टाकले की वीस लिटर आरओचे पाणी मिळते. तिथला नळ जार किंवा घागर ठेवण्याच्या उंचीवर असतो, गाडीचा पाइप लागत नाही, म्हणून वीस लिटरचे दोन जार बरोबर ठेवणे सोयीचे जाते. यंत्र बंद असण्याची शक्यता धरून जार अर्धा उरला असतानाच भरून घ्यावा.

पाइप दोन ठेवावेत, वेगळ्या रंगांचे आणि वेगळ्या कप्प्यांत. स्वच्छ पाण्याचा पाइप खाद्य दर्जाच्या प्लास्टिकचा असावा, बागेचा हिरवा पाइप उन्हात पाण्याला चव देतो. कॅसेट धुण्याचा पाइप चुकूनही टाकी भरायला लावू नये. घाईत, अंधारात, हातात जो येईल तो पाइप लावला जातो, म्हणूनच रंग वेगळा हवा. नळाचे तोंड ब्लीचच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसावे, पहिले बादलीभर पाणी सोडून द्यावे, मग पाइप जोडावा.

प्रवासाला निघण्यापूर्वी टाकी एकदा निर्जंतुक करावी. चार टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण १५० मिली घेतले तर १२० लिटर पाण्यात लिटरमागे पन्नास मिलिग्रॅम क्लोरीन होते, आणि तेवढे पुरते. ते आधी बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत ओतावे, टाकी भरावी, आणि प्रत्येक तोटी क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडून बंद करावी, गरम पाण्याची विसरू नये. चार तास ठेवून सगळे सोडून द्यावे आणि वास जाईपर्यंत दोनदा धुवावे. टाकी स्टीलची असेल तर हे पाणी रात्रभर ठेवू नका, क्लोरीनने स्टीलला बारीक छिद्रे पडतात. हायपोक्लोराइट नसेल तर पंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, चालते. ताज्या पावडरीत साधारण तेहतीस टक्के क्लोरीन असतो, म्हणजे वरच्या कामाला अठरा-वीस ग्रॅम. ती बादलीत कालवून तासभर ठेवावी आणि फक्त वरची निवळी टाकीत घालावी, खालचा चुना नव्हे. उघडी पडलेली जुनी पावडर निकामी झालेली असते.

वाटेत विहिरीचे पाणी भरावे लागले तर १२० लिटरला त्याच चार टक्क्यांच्या द्रावणाचा एक छोटा चमचा, म्हणजे पाच मिली घालून अर्धा तास थांबावे. हे स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याचे माप आहे. जुलैत मलप्रभा तांबडी वाहते. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीतच खर्ची पडतो, म्हणून तसे पाणी आधी बादलीत तुरटी फिरवून निवळून घ्यावे, आणि खरे म्हणजे पावसाळ्यात ते टाकीत घेऊच नये. चव नको असेल तर स्वयंपाकघराच्या तोटीला कोळशाचा फिल्टर लावता येतो, पण तो क्लोरीन काढून घेतो, त्यामुळे फिल्टर टाकीनंतर असावा, टाकीच्या आधी नको.

तुमचा अर्ध्या टाकीचा दिवा बिघडलेला नाही. टाकीच्या भिंतीत बसवलेले धातूचे खिळे पाण्याला टेकले की दिवा लागतो. सांडपाण्याच्या टाकीत त्यांच्यावर चिकट थर बसला की पाणी उतरले तरी विजेला वाट मिळत राहते. गरम पाणी आणि थोडा खायचा सोडा घालून टाकी भरून गाडी फिरवली तर थर काही प्रमाणात निघतो, पण पुन्हा बसतो. मी या दिव्यांवर कधीच विसंबून राहत नाही. स्वच्छ टाकीच्या बाजूला एक पारदर्शक नळी उभी लावून घ्या, तिच्यावर दर दहा लिटरला रंगाची रेघ ओढा, आणि सकाळ-संध्याकाळ पाहा. पाचशे रुपयांच्या आतले काम आहे. सांडपाण्याचा अंदाज त्यातूनच काढता येतो, कारण जेवढे वरच्या टाकीतून गेले त्यातले शौचालयाचे वजा केले की उरलेले खालच्या टाकीत आहे.

पंपाचे बटण गाडी चालू असताना आणि रात्री झोपताना बंद ठेवावे. एखादी जोडणी खडबडीत रस्त्यावर ढिली झाली तर बारा व्होल्टचा पंप दाब राखण्यासाठी चालतच राहतो आणि सगळी टाकी गाडीच्या तळात ओतून मोकळा होतो. रात्री सगळ्या तोट्या बंद असताना पंप मधूनच एकदा "टुर्र" करून थांबला तर कुठेतरी थेंब गळतो आहे असे समजावे आणि सकाळी सिंकखाली कोरडा कागद पसरून जागा शोधावी.

या सगळ्यावरून तुमचे चार मुक्काम असे बसतात. कणकुंबीकडचे दोन मुक्काम सेप्टिक टाकी असलेल्या एकाच घरी ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी कॅसेट आणि सांडपाणी रिकामे करा, आणि निघण्याच्या सकाळी पुन्हा एकदा. खानापुरात पाणी आणि जार भरा. हलशीचे वराह-नरसिंहाचे देऊळ पाहून कित्तूरच्या बाजूला तिसरा मुक्काम. दिवसा शक्य तिथे बाहेरची शौचालये वापरा आणि कॅसेट रात्रीपुरती ठेवा, म्हणजे ती सौंदत्तीपर्यंत टिकते. अंघोळ एक दिवसाआड आणि मधल्या दिवशी ओल्या टॉवेलने अंग पुसणे एवढे मान्य असेल तर टाकीतल्या पाण्याचा रोजचा सरासरी खर्च तेहतीस लिटरवर येतो आणि दुसऱ्या वेळी पाणी भरावे लागत नाही. सौंदत्तीला मार्गशीर्ष, पौष आणि माघ या पौर्णिमांच्या आगेमागे जाऊ नका; यल्लम्माच्या यात्रेच्या त्या दिवसांत डोंगरावर लाखोंची गर्दी असते, पाणी आणि शौचालये यात्रेकरूंनाच पुरत नाहीत, तिथे तुम्ही कॅसेट घेऊन कुणाकडे जाणार? बाकीच्या दिवसांत डोंगराखाली, गावात किंवा मुनवळ्ळीच्या रस्त्यावर लॉज आणि हॉटेले आहेत. तिथे चौथ्या रात्रीची सोय आदल्या दिवशी फोनवर ठरवून ठेवा, आणि ती ठरत नसेल तर कित्तूरहून निघतानाच कॅसेट रिकामी करून घ्या.